ओढा नकाशावर नाही, आमच्या दाराशी आहे

"आजोबा, नकाशावर ओढा नाही. पुढचे कोण?"

परवा विकास आराखड्याच्या हरकतींच्या सुनावणीत एका साहेबांनी ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकवलं. मान वर करूनसुद्धा नाही, मोबाइलमध्ये बघत. आजोबा आमच्या गावठाणातले. धुवट सदरा, टोपी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घडी घातलेला सातबारा आणि गटाचा नकाशा. साडेदहाची वेळ दिली होती, आत घेतलं दीड वाजून गेल्यावर. शेजारशेजारच्या गटांतल्या पाच-सहा जणांना एकदम आत बोलवायचं आणि प्रत्येकाला दोन मिनिटं द्यायची, असा कारभार. आजोबा एवढंच म्हणाले, "साहेब, माझी आई त्या ओढ्यावर धुणं धुवायची. दोन पावसाळ्यांमागं त्याच ओढ्याचं पाणी माझ्या गोठ्यात शिरलं. तिथं तुम्ही पिवळा रंग कसा काय मारला?" (नकाशात पिवळा म्हणजे रहिवासी जागा.) त्यावर हे उत्तर.

अहो, नकाशावर नाही म्हणूनच तर तो माणूस तुमच्या दारात आलाय! नकाशा चुकलाय हे सांगायलाच सुनावणी असते ना? मग हरकतीचं उत्तर त्याच चुकलेल्या नकाशावर बोट ठेवून कसं देता? मी मध्येच बोलले. म्हटलं, साहेब, एकदा जागेवर येऊन बघा, ओढा पळून जात नाही. तर म्हणे, "मॅडम, तुमचा नंबर आला की बोला." माझा नंबर आला तेव्हा, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय." काय नोंदवलंय ते वाचून दाखवा म्हटलं, तर तशी पद्धत नाही. सही मात्र घेतली रजिस्टरवर. म्हणजे कागदोपत्री सुनावणी दिली, आमचं तोंड बंद. आजोबा बाहेर येऊन बाकावर बसले आणि पिशवीची घडी घालत मलाच म्हणाले, "पोरी, जाऊ दे." कसं जाऊ दे?

आणि तो नकाशा तरी दाखवायच्या लायकीचा आहे का? वेबसाइटवर पीडीएफ टाकलीय. गट नंबर वाचायला मोठी करावी तर सगळं धूसर. कार्यालयात जाऊन बघावं तर नकाशा जिन्याजवळच्या भिंतीवर, आणि त्याचा खालचा भाग कपाटामागे. आमचं गाव नेमकं खाली. शिपाईदादांनी बिचाऱ्यांनी कपाट सरकवून दिलं, मग मोबाइलच्या उजेडात आमचा गट सापडला. वीस वर्षं ज्या कागदावर आमच्या रस्त्यांचं, शाळांचं, पाण्याचं ठरणार, तो बघायला माणसाने भिंतीला गाल लावून उभं राहायचं! कायद्याने हरकतीची मुदत ठरवून दिलीय, ठीक. पण त्यातले किती दिवस आमचे नुसता आपला गट शोधण्यात जातात, हे कोण बघणार?

बरं, गट सापडल्यावर जे दिसलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा आणि क्रीडांगणाची आरक्षणं सपाट, रस्त्यालगतच्या जमिनीवर असायला हवीत. आमच्या भागात अशी एकच मोठी मोकळी जागा उरलीय, पोरं तिथे आजही क्रिकेट खेळतात. ती जागा आराखड्यात रहिवासी झालीय. आणि शाळा कुठे? ओढ्याच्या काठावरच्या उतारावर, जिथे जायला धड पायवाट नाही. म्हणजे ओढा नाही म्हणून तिथे शाळा बसवली, आणि उद्या पाणी शिरलं की "नैसर्गिक आपत्ती" म्हणून मोकळे. ती सपाट जमीन गेल्या काही वर्षांत कोणी घेतली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी आरोप करत नाही. एवढंच विचारते की आरक्षण इथून उचलून तिथे टाकायचं कारण काय, ते एका ओळीत लिहून द्या. देत नाहीत.

ओढा पुसल्याने काय होतं ते बघायला लांब जायला नको. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती कोसळल्या, वसाहतीत पाणी शिरलं, माणसं झोपेत गेली. त्या एका रात्रीत पुणे परिसरात वीसहून जास्त जीव गेले. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदी आहे हे निम्म्या मुंबईला पहिल्यांदा कळलं. हे सगळं नगररचना खात्याला माहीत नाही? त्यांच्याच अहवालांत असतं. तरी ओढा दिसला की आधी पाइपात घालायचा, मग त्यावर रस्ता, मग रस्त्याकडेला गाळे. नगररचनेचं शिक्षण घेतलेली माणसं आहेत ही!

आता कोणी शहाणा मला सांगेल की एवढ्या मोठ्या कामात चुका व्हायच्याच. होऊ द्या ना! चुकांचा राग नाहीये. बांधकामं उभी राहिल्यावर नकाशा काढायला बसता, त्याचा राग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारला पाहिजे असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं? पुण्याच्या जुन्या हद्दीचा 1987 नंतरचा आराखडा 2007 ते 2027 या काळासाठी होता. मसुदा हरकतींसाठी लोकांसमोर आला 2013 मध्ये. ऐंशी हजारांवर हरकती आल्या. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत फूट पडून दोन वेगळे अहवाल झाले. 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडाच ताब्यात घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये. वीसातली निम्मी वर्षं मंजुरीतच गेली! तेवढ्यात शहर थांबलं होतं का? मुंबईचंही तेच. 2014 ते 2034 चा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं. अंमल सुरू झाला सप्टेंबर 2018 ला. पुणे महानगर प्रदेशाचा मसुदा 2021 मध्ये जाहीर झाला. हजारो लोकांनी हरकती घेतल्या, रजा टाकून सुनावण्यांना गेले, आणि 2025 मध्ये सरकारने तो मसुदाच रद्द करायचं ठरवलं. त्या सगळ्या लोकांच्या दिवसांचं काय?

आणि हद्दवाढ! हद्दवाढीला मात्र कधी उशीर होत नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 गावं घेतली, 2021 मध्ये आणखी 23. लगेच राज्यातली सर्वांत मोठी हद्द म्हणून बातम्या आल्या. पाणी? ड्रेनेज? मग 2017 ला आत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. गावांना काय बुद्धिबळातली प्यादी समजता? आमच्याकडेही तीच तऱ्हा. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाच्या ओट्यावर जाऊन भांडता तरी येत होतं. हद्दीत गेलो आणि भांडायलाही माणूस उरला नाही. 2022 मध्ये कितीतरी महापालिकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही, सगळीकडे प्रशासक. कायद्याने नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सभासद हवेत. का, तर लोकांनी निवडून दिलेलं कोणीतरी समोर असावं. सभागृहच नव्हतं तेव्हा लोकांच्या बाजूने कोण बसायचं?

मिळकतकराची बिलं मात्र बरोबर येतात. त्यात रस्ता कर, सफाई कर, जलनिस्सारण कर, सगळं असतं. आमच्या सोसायटीचं ड्रेनेज आजही टाकीत जातं आणि टाकी उपसायला गाडी बोलवावी लागते. मग जलनिस्सारण कर कशाचा घेता?

पाण्याची गोष्ट तर बोलायलाच नको, पण बोलणार. बिल्डर परवानगी घेताना हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. ते हमीपत्र फाइलला लागतं, बारा-बारा मजले चढतात, भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जायचा दाखला, मिळतं, सोसायटी स्थापन होते आणि बिल्डर अंग काढून घेतो. मग टँकरचा खर्च आमच्या मेंटेनन्समध्ये. उन्हाळ्यात रात्री दोनला टँकर येतो, पाइपाची धडधड, वॉचमनचा आरडाओरडा, लहान मुलं दचकून उठतात. ज्या साहेबांनी हमीपत्रावर विश्वास ठेवून शिक्का मारला, त्यांनी एकदा तरी ते हमीपत्र पाळलं जातंय का म्हणून विचारलं? पाणी नाही हे माहीत असताना परवानगी देणं हा गुन्हा का नाही?

शिंप्याने कपडा शिवून झाल्यावर माप घ्यायला यावं, तसा हा सगळा प्रकार आहे. आधी रेखांकनं मंजूर करायची, गुंठेवारीकडे, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या जमिनींकडे, डोळेझाक करायची, मग ती नियमित करायला कायदा आणायचा, आणि सगळं गच्च भरलं की 24 मीटरचा रस्ता आखायचा. तो रस्ता जाणार कुणाच्या घरावरून? ज्याने आयुष्यभराची कमाई घालून दीड गुंठ्यात दोन खोल्या बांधल्या त्याच्या. मोठ्या गृहप्रकल्पाच्या कंपाउंडपाशी आला की रस्ता वळतो. आमच्या इथे वळलाय, कुणीही येऊन बघावं. सरळ येतो, कंपाउंड दिसलं की डावीकडे वळतो आणि चाळीवर जातो.

राहिलेली आरक्षणं तरी ताब्यात घ्याल? नाही. त्याच नगररचना अधिनियमाचं कलम 127 कशासाठी आहे ते आता प्रत्येक जमीनमालकाच्या वकिलाला पाठ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही की मालक नोटीस देतो, 24 महिन्यांत महापालिका हलली नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मालकाचा दोष नाही, त्याने जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण महापालिकेला पैसे नाहीत हे उत्तर आम्ही किती वर्षं ऐकायचं? सुशोभीकरणाला पैसे असतात. चौकात कारंजं बांधायला असतात, दर वर्षी तेच ब्लॉक उखडून नवे बसवायला असतात. शाळेची जागा घ्यायची म्हटली की तिजोरी रिकामी.

आणि ती सादरीकरणं! हॉटेलात कार्यक्रम, पडद्यावर ड्रोनने काढलेलं शहर, रुंद फुटपाथ, सायकलवरून हसत जाणारी माणसं, ओळीत परदेशी झाडं, वर "व्हिजन" आणि पुढे सालाचा आकडा. मला त्या शब्दाची आता शिसारी आलीय. आमच्या शाळेच्या रस्त्यावर फुटपाथ नाही, पोरं डंपरच्या चाकांशेजारून चालतात. त्या डंपरसाठी वेळ ठरवून द्या म्हणून निवेदन दिलं, पोचपावतीसुद्धा मिळाली नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो जुन्या शहरात राहणाऱ्या नातेवाइकांचा. "तिकडे घेतलातच कशाला फ्लॅट?" मावशी, तिथे परवडत नव्हता म्हणून! तुमच्या पेठेतल्या वाड्याचं रीडेव्हलपमेंट होऊन तुम्हाला जागा मिळाली, आम्हाला कर्ज काढावं लागलं. बिल्डरने जाहिरातीत "प्रस्तावित डीपी रोड", म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, असं लिहिलं होतं, परवानगीवर महापालिकेचा शिक्का होता. सामान्य माणसाने शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? शहरात काम करणारी माणसं शहराबाहेरच राहणार, हे पन्नास वर्षांपासून दिसतंय. त्यांच्यासाठी आधी पाण्याची लाइन, आधी रस्ता, आधी शाळेची जागा, मग इमारती, एवढाच क्रम लावायचा होता.

अवघड आहे का? जुन्या नगररचना योजना काय होत्या? मुंबई प्रांतात 1915 मध्ये त्यासाठी कायदा झाला. सगळ्यांच्या जमिनी एकत्र आखायच्या, रस्ते-बागांपुरता वाटा प्रत्येकाकडून घ्यायचा, उरलेली जमीन नीट भूखंड पाडून परत द्यायची. गुजरातेत अजून शहरं तशी वाढवतात. आपल्याच प्रांताचा कायदा, आणि आपण तो वर्षानुवर्षं फडताळात टाकला, कारण त्यात प्रत्येकाशी बसून बोलावं लागतं, आणि बोलणं तर यांना दोन मिनिटांच्या वर जमत नाही.

मी काल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. शाळेचं आरक्षण कोणत्या तारखेला, कोणाच्या टिप्पणीवरून हललं, ती फाइल हवीय. विद्यमान भूवापराचा, म्हणजे आज कुठल्या जमिनीवर काय आहे त्याचा, सर्व्हे कोणी केला आणि जागेवर कोण गेलं होतं, त्याच्या नोंदी हव्यात. आमच्या गल्लीतल्या आणखी बऱ्याच जणांनी तोच अर्ज आपापल्या नावाने दिलाय, आजोबांचा अंगठा नाही, ठसठशीत सही आहे त्यावर. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तयार आहे.