गळा नसलेल्यांचं भजन

शाळेत समूहगीताच्या तालमीत मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." पुढची पंचवीसेक वर्षं मी ते इमानानं पाळलं. आरतीतसुद्धा टाळ्या वाजवायच्या, ओठ हलवायचे, बस्स. देवापुढे गाणं हे गळा असलेल्यांचं काम, हे मनात पक्कं बसलं होतं. आज मला नेमकं उलट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मधल्या काळात ध्यानाचा प्रयत्न करून झाला. डोळे मिटून बसलो की पाचव्या मिनिटाला ऑफिस, दहाव्या मिनिटाला जुनी भांडणं. अशातच एका एकादशीला मित्रानं भजनाला नेलं. मागच्या रांगेत बसलो, तर बुवांनी हातात टाळ दिले. मी म्हटलं, "बुवा, मला गाता येत नाही." ते म्हणाले, "सुराचं नंतर बघू. आधी लय सोडू नको."

पहिले सहा महिने मी फक्त टाळ धरले. भजनी ठेका आठ मात्रांचा, ऐकायला सोपा. पण टाळ कुठे दाबायचा, कुठे मोकळा सोडायचा हे बोटांना कळेपर्यंत पहिल्या बोटाला दोरीचे वळ उठले होते. आणि त्याच दिवसांत कधीतरी लक्षात आलं, की मन पळायचं थांबलंय. हात ठेक्यात अडकलेले, कान पखवाजाकडे, तोंडात नाम, आणि ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा म्हणून तोही सावकाश सुटणारा. ध्यानाला बसून मी मनाशी नुसता झगडत होतो. भजनानं त्याला काम दिलं.

भागवतात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो, त्यात पहिलं श्रवण आणि दुसरं कीर्तन. लहानपणी ही यादी पाठ केली होती. क्रमाचा अर्थ टाळ हातात आल्यावर लागला. आधी ऐकायचं. शेजारच्याचा आवाज, पखवाजाची थाप, वीणेचा षड्ज. आपला आवाज त्यात सोडायचा तो नंतर. बेसूर माणसाला गाता येत नसेल, पण ऐकता तर येतं. आणि नीट ऐकायला लागलं की गळाही हळूहळू वळतो. माझा थोडा वळला, फार नाही.

त्याच भागवताच्या बाराव्या स्कंधात म्हटलंय, की कृतयुगात ध्यानानं, त्रेतायुगात यज्ञानं, द्वापरात पूजेनं जे साधायचं ते कलियुगात हरिकीर्तनानं साधतं. पुष्कळ लोक याचा अर्थ लावतात, की माणसं कमकुवत झाली म्हणून ही सवलत दिली. मला हे पटत नाही. यज्ञाला सामग्री लागते, पूजेला मूर्ती आणि गाभारा लागतो, आणि गाभाऱ्याला दार असतं. चोखोबांना त्या दारातून आत घेतलं नाही. त्यांनी बाहेर राहून जे गायलं ते आज कीर्तनाकीर्तनातून म्हटलं जातं. त्यांच्यावरचा अन्याय यानं पुसला जात नाही, तो अन्यायच होता. पण दळिता कांडिता अनंताला गाईन म्हणणाऱ्या जनाबाईला ना व्यासपीठ होतं ना मोकळा वेळ, तरी तिची साधना अडली नाही. जिथे बाकी सगळे मार्ग अडवता येतात तिथे हा एक उरतो. याला सवलत कसं म्हणायचं?

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुकोबांची गाथा उघडून बघा, बहुतेक अभंगांत दुसऱ्या चरणानंतर 'ध्रु' असं छापलेलं असतं. ते ध्रुपद. एक जण पुढचा चरण म्हणतो आणि सगळे फिरून ध्रुपदावर येतात. बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्याच एकादशीला मी भजनाला गेलो. सुरुवातीला म्हणतात तो रूपाचा अभंग झाला, पुढच्या अभंगाला ध्रुपदावर आलो आणि गळा दाटला. एक अक्षर फुटेना. टाळही थांबले. पण ध्रुपद थांबलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी ते चालूच होतं, त्याच लयीत, कुणी वळून पाहिलं नाही की काय झालं म्हणून विचारलं नाही. तीन आवर्तनं मी गप्प होतो. चौथ्याला आपोआप त्यांच्यात मिसळलो. घरी देवासमोर एकटा असतो तर ती प्रार्थना तिथेच तुटली असती. माझं नाम माझ्या वतीनं दुसऱ्यांनी घेतलं आणि माझी वेळ आल्यावर मला परत दिलं. अध्यात्मावरची बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. 'मी' कसा गळतो ते मला त्या तीन आवर्तनांत कळलं.

कुणी म्हणतं, ही भावनेची नशा आहे, गजर संपला की उतरते. उतरतेही कधीकधी. रात्री देहभान हरपून नाचलेला माणूस सकाळी घरच्यांवर खेकसत असेल तर नाचण्यातून फक्त घाम निघाला. संतांनी स्वतः हे कठोरपणे बजावलंय. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, असं तुकोबा सांगतात.

म्हणून हल्लीच्या भजनस्पर्धा पाहून मला वाईट वाटतं. एकाच्या हातात माइक, समोर खुर्च्यांवर बसलेले श्रोते, शेवटी परीक्षकांचे गुण. गाणारे तयारीचे असतात, मेहनत दिसते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण समोर बसलेल्या दोनशे माणसांच्या तोंडून एकदाही ध्रुपद निघत नाही. ते सगळे माझ्यासारखे, नुसते ओठ हलवणारे होऊन बसतात. निदान ध्रुपदाला तरी माइक बंद करा, लोकांना म्हणू द्या.

आमच्याकडे भजन संपलं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. पहिल्या दिवशी बुवा माझ्या पायांशी वाकले तेव्हा मी दचकून मागे सरलो होतो. आता सरत नाही, मीही वाकतो. परवा त्यांनी पहिल्यांदा मला चरण उचलायला सांगितला. सूर चढाच लागला. ध्रुपदावर सगळ्यांनी तो सांभाळून खाली आणला.