लॅटिन गेलं, मराठी आली, आणि आता?

"तुमचं चर्च पोर्तुगीजांचं ना?" वसईबाहेरचं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. आमचं वसईतल्या नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च 1573 सालचं, तेव्हा वसईत पोर्तुगीजांचं राज्य होतं, हे खरंच आहे. पण 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. चर्च मात्र राहिलं, कारण वाड्यांतली माणसं राहिली. केळी, पानवेली आणि भात पिकवणारी, घरात सामवेदी ही इथली बोली बोलणारी आमची माणसं.

माझ्या मते आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे या चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीच्या, इतिहासातली सगळ्यात मोठी घटना या दोन्ही सालांत नाही. ती घडली 1960 च्या दशकात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, गेली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. आजी चर्चला देऊळच म्हणायची. तिचं निम्मं आयुष्य लॅटिन प्रार्थनेत गेलं. लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विनवणीची प्रार्थना, म्हणताना "ओरा प्रो नोबिस"चं तिच्या तोंडी "ओरापोनोबी" व्हायचं. अर्थ विचारला तर म्हणायची, "देवाला कळतं." मराठी मिस्सा सुरू झाल्यावर "आमच्यासाठी विनंती कर" हे शब्द पहिल्यांदा म्हटले तेव्हा रडू आलं, असं ती सांगायची. सांगतानाही लाल लुगड्याच्या पदराने डोळे टिपायची.

मराठीमुळे चर्चचं दार गावाकडे उघडलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. 'सुवार्ता' या मासिकाचं संपादन त्यांनी मराठीतून केलं. वसईची हिरवाई वाचवण्यासाठीची 'हरित वसई'ची लढाई पाण्याची आणि जमिनीची होती. त्यात हिंदू, ख्रिस्ती सगळे शेतकरी एकत्र आले, कारण फादर त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत होते. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधही झाला. पण इथल्या वाड्यावाड्यांतल्या लोकांना आपल्याच घरचं माणूस मान मिळवतंय असं वाटलं. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले, त्या दिवशी पावसात उभं राहून रडणारे सगळेच काही ख्रिस्ती नव्हते.

आज काळजी वाटते ती आमच्याच घरांची. मुलं इंग्रजी शाळेत जातात, म्हणून प्रार्थनाही इंग्रजीत हवी, असं आईबापच म्हणायला लागलेत. इंग्रजीशी माझं भांडण नाही, नोकरीसाठी ती लागतेच. पण परवा क्रूसाजवळच्या लदीनला माझा भाचा मोबाइलवर रोमन लिपीत लिहिलेलं मराठी गीत वाचून म्हणत होता. सूर अगदी बरोबर होता. 'करुणा' म्हणजे काय विचारलं तर त्याला सांगता आलं नाही. मला आजीचं "ओरापोनोबी" आठवलं आणि पोटात कालवलं. ज्या न कळण्यातून ती सुटली, त्यातच आपण नातवंडांना परत ढकलतोय.

येत्या मे महिन्यात रोज संध्याकाळी जपमाळेआधी अर्धा तास मी क्रूसाजवळ बसणार आहे. मराठी गीतं, शास्त्रपाठाचं वाचन, आणि येतील ते सामवेदी शब्द. मुलांना पाठवा. घरात आजीआजोबा असतील तर त्यांनाही हात धरून घेऊन या, मला त्यांच्याकडून बरंच लिहून घ्यायचं आहे.