रुग्णालयातून घरी जातानाच्या औषध-समुपदेशनाविषयी खुलासा

डिस्चार्ज कार्डावर औषधे लिहिलेलीच असतात, मग ती समजावून सांगणे ही निव्वळ औपचारिकता आहे, असा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. घरातल्या जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवायच्या, हे कार्डावर दरवेळी स्पष्ट असतेच असे नाही, आणि एकच औषध दोन ब्रँडनावांनी, म्हणजे दुप्पट मात्रेत, घेतले जाण्याचा धोका इथेच असतो. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; ते चुकून रोज घेतल्याने मृत्यूही ओढवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या औषध-सुरक्षा मोहिमेत रुग्णालयातून घरी जाण्यासारखा, उपचाराचे ठिकाण बदलण्याचा टप्पा प्राधान्याचा मानला आहे. समुपदेशनामुळे पुन्हा दाखल व्हावे लागतच नाही, असे मात्र उत्साहाच्या भरात कोणी म्हणू नये. त्याबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.