हार्नेस, काखेतली जखम आणि हरणीचे नकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ओढणाऱ्या कुत्र्यासाठी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज, कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण साताऱ्याहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : बैलाला जसे जू तसा कुत्र्याला हार्नेस, म्हणजे मुळात ते ओढण्याचेच साधन, त्यामुळे ते घातल्यावर कुत्रा अधिकच ओढणार, आपण तीस वर्षे गळ्यातल्या साध्या पट्ट्यावर कुत्री सांभाळलीत आणि एकालाही इजा झाली नाही, हार्नेस घालताना कुत्र्याने नखरे करणे हे मालकाने केलेल्या लाडांचे फळ आहे, आणि माझा लेख वाचून घेतलेल्या, छातीवर कडी असलेल्या हार्नेसमुळे आपल्या लॅब्रॅडॉरच्या काखेत आठ दिवसांत जखम झाली. जखमेचा मुद्दा आपण शेवटी लिहिला असला तरी मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण त्यात चूक माझी आहे.

त्या लेखात मी लिहिले होते की हार्नेसचा पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली की माप बरोबर समजावे. हा नियम खोटा नाही, पण तो पट्टा किती घट्ट असावा एवढेच सांगतो. तो अंगावर नेमका कुठे बसावा, हे त्यातून कळत नाही, आणि कुत्र्याला काचते ते बहुतेक वेळा जागा चुकल्यामुळे. छातीभोवतीचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपरामागे, बरगड्यांवर टेकला पाहिजे, आणि लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यात काख व पट्टा यांच्यामध्ये तीन ते चार बोटांची मोकळी जागा राहिली पाहिजे. काखेतली कातडी पातळ असते, तिथे केस विरळ असतात आणि प्रत्येक पावलागणिक ती हलत असते. अशा जागी नायलॉनच्या पट्टीची कड घासत राहिली, त्यातही पावसात भिजलेली पट्टी असली, तर आठवडाभरात कातडी सोलवटणे अगदी शक्य आहे.

छातीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये ही शक्यता वाढते, आणि ती का वाढते हे मी तेव्हाच समजावून सांगायला हवे होते. कुत्रा आपल्या डाव्या बाजूने चालत असेल, तर त्याच्या छातीवरच्या कडीला अडकवलेली दोरी उजवीकडे, आपल्या हाताकडे येते. त्याने पुढे झेप घेतली की कडी उजवीकडे सरकते, तिच्यासोबत सगळा हार्नेस अंगावर फिरतो आणि डाव्या बाजूचा, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूचा, पट्टा पुढे खेचला जाऊन काखेत रुततो. आपण जखम डाव्या काखेत झाल्याचे लिहिले आहे, आणि ते या कारणाशी तंतोतंत जुळते. छातीवर आडवी पट्टी असलेल्या हार्नेसमध्ये हे सरकणे अधिक होते. ज्यात गळ्याकडून येणाऱ्या दोन पट्ट्या छातीच्या हाडावर एकत्र येतात आणि तिथून एक पट्टी पुढच्या दोन पायांमधून मागे जाते, त्यात ते कमी होते, कारण ती मधली पट्टी छातीभोवतीच्या पट्ट्याला मागे धरून ठेवते.

जखम पूर्ण भरून केस पुन्हा येईपर्यंत तो हार्नेस घालू नये, जागा कोरडी ठेवावी आणि तिथून पाणी येत असेल किंवा वास येत असेल तर पशुवैद्यांना दाखवावे. घरातले माणसांचे मलम कृपया लावू नये. कुत्रा ते चाटतो, आणि झिंक ऑक्साइड असलेली मलमे पोटात गेली तर त्याला अपाय होतो.

आता जुवाविषयी. आपली तुलना मला मनापासून पटली आणि ती माझ्या लेखात नव्हती याची खंत वाटते. पाठीवर कडी असलेला हार्नेस हे खरोखरच ओढण्याचे साधन आहे. बर्फाळ प्रदेशात घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेस घालतात तो याच कारणाने : भार गळ्यावर न येता छातीवर पसरतो आणि जनावर पूर्ण ताकदीने, विनासायास ओढू शकते. निवारागृहातल्या कुत्र्यांना आळीपाळीने गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस घालून दोरीवरचा ताण मोजणारा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हार्नेसमध्ये कुत्री अधिक जोराने ओढतात असेच आढळले. तेव्हा हार्नेस घातला की कुत्रा ओढायचे थांबतो, असा समज माझ्या लेखातून कुणाचा झाला असेल, तर तो दूर व्हायला हवा.

परंतु जुवाची उपमा तिथेच थांबत नाही. बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते, वर्षभर जिथे जू टेकले त्या जागेवर हळद आणि तूप चोळले जाते, हे मी आजोळी लहानपणापासून पाहिले आहे. ज्या जनावराकडून आपण ओढण्याचे काम घेतो, त्याच्या अंगावर भार नेमका कुठे येतो आणि ती जागा दुखते का, याची काळजी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केली. मला कुत्र्याच्या बाबतीत तेवढेच म्हणायचे आहे. तो ओढणारच असेल, निदान शिकेपर्यंत तरी, तर त्याचा भार गळ्यावर येऊ नये.

गळ्यावर का नको, याची कारणे ठोस आहेत. कुत्र्याच्या गळ्यात कातडीखाली फारशा संरक्षणाविना श्वासनलिका आहे, डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरा आहेत, थायरॉइड ग्रंथी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळ्यातल्या पट्ट्यावर ताण आला असता डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसवर तेवढाच ताण आला तरी तो वाढत नाही, असे दिसले. २०२० साली ब्रिटनमधील संशोधकांनी कुत्र्याच्या मानेची प्रतिकृती करून वेगवेगळ्या पट्ट्यांचा दाब मोजला, तेव्हा रुंद आणि मऊ अस्तराच्या पट्ट्यांसह एकही प्रकार जोरदार हिसक्याला निर्धोक ठरला नाही. पग किंवा पॉमेरेनियन पाळणाऱ्यांनी तर हे फारच गंभीरपणे घ्यावे, कारण पगचा श्वास मुळातच अडखळता असतो आणि पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका खचण्याचा विकार वारंवार दिसतो.

मग आपल्या तीस वर्षांत इजा का झाली नाही? आपला अनुभव मी नाकारत नाही. आपण लिहिले आहे की आधीची सगळी कुत्री मळ्यावर होती. मळ्यावरचा कुत्रा दिवसभर मोकळा हिंडतो, मालकामागून आपल्या मनाने चालतो, आणि त्याच्या गळ्यातला पट्टा हा मुख्यतः तो कुणाचा तरी आहे हे सांगण्यासाठी असतो. त्या पट्ट्यावर भार क्वचितच येतो. आताचा आपला लॅब्रॅडॉर शहरात, इमारतीत राहतो. तो घराबाहेर असतो तेवढा सगळा वेळ दोरीला बांधलेला असतो आणि त्यातला बराच वेळ ती दोरी ताणलेली असते. पट्टा तोच असला तरी त्याच्यावर पडणारे काम बदलले आहे. पट्टा काढून टाका असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. माझी कुत्री हरणी हिच्या गळ्यात आजही पट्टा आहे, त्यावर माझा दूरध्वनी क्रमांक आहे. फक्त दोरी त्याला बांधलेली नाही.

नखऱ्यांच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी असहमत आहे, आणि त्यासाठी हरणीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. तिच्यात कारवानी, म्हणजे सडपातळ, वेगवान देशी शिकारी कुत्र्याचे रक्त आहे. सोलापूरकडच्या एका वस्तीवरून ती माझ्याकडे पुण्याला आली. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, पातळ कातडी आणि मानेपेक्षा अरुंद डोके अशी तिची ठेवण आहे. या ठेवणीच्या कुत्र्याच्या गळ्यातून साधा पट्टा मागे खेचून सहज निघतो. एका दिवाळीत सुतळी बॉम्बच्या आवाजाने घाबरून ती तशीच निसटली आणि भर रहदारीच्या रस्त्यावर धावली. ती सापडेपर्यंतची वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. हार्नेसचा शोध तिथून सुरू झाला. ओढण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

पहिला हार्नेस डोक्यातून घालायचा होता. तो हातात दिसताच ती दिवाणाखाली जाऊन बसायची. दुसऱ्यात तिचे पुढचे पाय उचलून दोन कप्प्यांत ठेवावे लागत, आणि पायाला हात लावलेला तिला चालत नाही. तिसरा घालायला सोपा होता, परंतु बक्कल मिटताना जो खट्ट आवाज होई त्याने ती दचके आणि मग दारात पुतळ्यासारखी उभी राहून पाऊल उचलत नसे. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी तिला नखरेल ठरवले. मीही काही दिवस तसेच समजत होते. नंतर लक्षात आले की ती तीन वेगवेगळ्या गोष्टींना नकार देत होती आणि प्रत्येक नकाराचे कारण स्पष्ट होते : डोळ्यांवरून काहीतरी सरकणे, पाय धरला जाणे आणि कानाशेजारी होणारा आवाज. कुत्र्याला बोलता येत नाही. नेमके काय नको आहे, हे सांगायला त्याच्याकडे अंग चोरणे, जांभई देणे, ओठ चाटणे, गोठून उभे राहणे एवढीच भाषा आहे. ते लाडाचे फळ मानले की आपण कारण शोधायचे थांबतो.

हरणीला शेवटी मानवला तो गळ्यापाशीही बक्कल असलेला, म्हणजे डोक्यातून न घालता मानेभोवती गुंडाळून लावता येणारा, आतून सुती अस्तराचा हार्नेस. तोही तयार मापात बसला नाही. तिच्या छातीची खोली मोठ्या मापाची, मान मध्यम मापाची आणि दोन पायांमधली पट्टी सगळ्याच मापांत आखूड. ती पट्टी मी बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून चार बोटे वाढवून घेतली, आणि त्याने जाड सुताच्या दुहेरी शिलाईने ते काम इतके नेटके केले की आजवर एक टाका उसवलेला नाही. बक्कल तिच्या अंगावर मिटण्याआधी मी आठवडाभर ते माझ्या मुठीत, कापडाखाली मिटत असे आणि प्रत्येक आवाजाबरोबर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा देत असे. पहिले चार दिवस हार्नेस केवळ घरात, जेवणाच्या वेळी, पाच-दहा मिनिटे. त्यानंतर इमारतीच्या वाहनतळात. टेकडीवर आम्ही तिसऱ्या आठवड्यात गेलो.

ओढणे कमी झाले ते हार्नेसमुळे झाले नाही, हे मी आपल्या मुद्द्याला धरूनच सांगते. दोरी ताणली की मी उभी राहते. ती सैल होऊन हरणी मागे वळली की पुन्हा चालू लागते, आणि माझ्या गुडघ्याजवळ चालत असताना तिला अधूनमधून खाऊ मिळतो. ओढल्याने माणूस पुढे येत नाही, हे तिला कळायला दोन महिने लागले. त्या काळात छातीवरच्या कडीचा उपयोग एवढाच होता की तिने झेप घेतली तरी ती माझ्याकडे वळायची आणि मला हिसका द्यावा लागत नसे. आता दोरी पाठीवरच्या कडीला असते. फटाक्यांच्या दिवसांत मात्र दोन्ही टोकांना हुक असलेली दोरी घेऊन मी एक हुक हार्नेसला आणि दुसरा गळपट्ट्याला लावते, म्हणजे एक निसटले तरी दुसरे राहते.

माझ्या मूळ लेखातली आणखी एक गोष्ट दुरुस्त करते. मधल्या पट्टीच्या हार्नेसमध्ये खांदा पूर्ण मोकळा राहतो असे मी लिहिले होते. नऊ कुत्र्यांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा मोकळा ठेवणारा म्हणून विकला जाणारा हार्नेसही खांद्याचे पुढे ताणणे कमी करतो, असे आढळले. नऊ ही संख्या लहान आहे, तरी कुठलाच हार्नेस अंगावर नसल्यासारखा नसतो एवढे त्यावरून मानायला हरकत नाही. म्हणून घरी आल्याबरोबर तो काढावा, भिजला असेल तर पंख्याखाली वाळवावा आणि रोज एकदा काखेत बोट फिरवून पाहावे.

आपल्या लॅब्रॅडॉरची जखम भरली की त्याला उभे करून तीन मापे घ्यावीत : मानेच्या मुळाशी, जिथे ती खांद्यांना मिळते तिथला घेर, बरगड्यांचा सर्वांत रुंद घेर, आणि छातीच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून पुढच्या पायांमधून मागे, काखेच्या चार बोटे पलीकडपर्यंतची लांबी. हे तिसरे माप दुकानांत सहसा विचारत नाहीत आणि आपल्या बाबतीत नेमके तेच चुकले असावे. ती मापे आणि सध्याचा हार्नेस घातलेल्या वेळचे एखादे जुने छायाचित्र मला पाठवलेत, तर आहे तोच हार्नेस पट्टी वाढवून वापरता येईल की नवीनच घ्यावा लागेल, हे मी पाहून कळवते. मूळ लेखात काखेच्या अंतराविषयीचा परिच्छेद आजच जोडला आहे आणि तो आपल्या प्रतिक्रियेमुळे जोडल्याचे तिथे नमूद केले आहे.