आईच्या पायाला मुंग्या आणि डावीकडचं मागचं चाक

दसऱ्याला नवी गाडी घेतली. झेंडूचा हार, शोरूमवाल्यांचा केक, चार चाकांखाली चार लिंबं. त्यातलं एक न फुटताच घरंगळत गेलं. ते कुठल्या चाकाखालचं होतं यावर नंतर घरात बरीच चर्चा झाली.

पहिले दहा-बारा दिवस पुण्यातच फिरवली. पुण्याच्या रहदारीत गाडी चाळीसच्या वर जातेच कधी? लोण्यासारखी चालत होती. मग दिवाळीला गावी निघालो, कात्रजचा बोगदा ओलांडला, रस्ता मोकळा मिळाला आणि ८५ च्या आसपास गाडीच्या अंगात बारीक कापरं भरलं. ९० ते ९५ ला ते चांगलंच जाणवायचं, १०० ला किंचित कमी व्हायचं. मधल्या खाचेत ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यावर सारख्या लाटा. बायको म्हणाली, रस्ता खराब असेल. मीही तेच म्हणालो. नव्या गाडीत दोष आहे हे स्वतःशी कबूल करायला माणसाला वेळ लागतो, हप्ते सात वर्षांचे असतात.

आई मागच्या सीटवर डावीकडे बसली होती. शिरवळच्या आसपास म्हणाली, "अरे, पायाला मुंग्या येतायत." आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वय ६८, मामाला मधुमेह. परत आल्यावर तिची साखर तपासून घ्यायचं ठरलं. खंबाटकीत वेग कमी झाला तशा मुंग्या गेल्या, घाट उतरल्यावर पुन्हा आल्या. हे तिने सांगितलंसुद्धा. आम्ही ऐकलं नाही.

परत आल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथले सर अतिशय नम्र. "नवीन गाडी आहे ना सर, टायर सेट व्हायला हजारेक किलोमीटर लागतात. सवय होईल." मग अलाइनमेंट करून दिलं, पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं आणि चारही चाकांत नायट्रोजन भरून त्याचे पैसे लावले. फरक शून्य.

इथे जरा थांबून सांगतो, कारण मीसुद्धा इतकी वर्षं हे दोन शब्द एका दमात म्हणत आलो होतो. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथरीशी त्याचा सहसा संबंध नसतो. बॅलन्सिंग म्हणजे फिरणाऱ्या चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे की नाही ते. माझ्या गाडीचा टायर १८५/६५ आर १५ आहे. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर, म्हणजे ताशी १०० ला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅमची तफावत असली तरी या वेगाला ती साडेचार किलोच्या आसपास जोर लावते, तोही सेकंदाला १४ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेने. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून शहरात काही कळत नाही आणि म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या ट्रायलमध्येही काही कळत नाही. ते लोक खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. ते गेटबाहेर पडतात, सिग्नलवरून यू-टर्न मारून परत येतात. पन्नासच्या पुढे काटा जात नाही, मग थरथर सापडणार कुठून?

दुसऱ्या खेपेला मी हट्टाने त्यांचा माणूस शेजारी बसवून हायवेला नेलं. ९२ वर गाडी स्थिर ठेवली. तो म्हणाला, "सर, एवढं तर असतंच."

हे "एवढं तर असतंच" फार डोक्यात गेलं. दहा लाखांच्या वर पैसे मोजलेल्या वस्तूबद्दल ते इतक्या सहज बोललं जातं आणि आपणही मान डोलावून चावी खिशात टाकतो. आपल्याकडे गिऱ्हाईकाला काही जाणवलं म्हणजे तो त्याचा भास, मशीनला दिसलं तरच दोष. त्या दिवशी मी जॉबकार्डावर स्वतः लिहिलं: ८५ ते १०० या वेगात थरथर, स्टिअरिंगमध्ये कमी, सीटमध्ये आणि पायाखाली जास्त, ब्रेक न लावता, गिअर कुठलाही असो. आणि त्याचा फोटो काढून ठेवला. नुसतं 'गाडी व्हायब्रेट होते' लिहिलं की पुढे 'तपासले, ठीक आहे' एवढंच लिहून येतं.

त्या वाक्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये आणि फरशीत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायर सोडा, डिस्क बघा. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना येत असेल तर ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा) किंवा इंजिन माउंट (इंजिनला धरून ठेवणारे आधार). आणि त्याच वेगाला चौथ्यात आणि पाचव्यात चालवून बघा. इंजिनचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष, दोष चाकांकडे. यातलं काहीही करायला मशीन लागत नाही.

जॉबकार्डावर ते वाक्य लिहिताना माझी ट्यूब पेटली. सीटमध्ये जास्त. मागे. डावीकडे. आईच्या मुंग्या!

मग मी सर्व्हिस सेंटरचा नाद सोडून घराजवळच्या टायरच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा विशी-बाविशीचा असेल. त्याने आधी हवा बघितली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं, माझ्या चाकांत ४४. गाड्या यार्डात उभ्या असतात, तेव्हा टायर दबू नयेत म्हणून हवा जास्त ठेवतात आणि ताबा देण्याआधी ती उतरवायची असते. शोरूमने उतरवली नव्हती आणि वर नायट्रोजन भरणाऱ्यानेही सवयीने तोच आकडा कायम ठेवला. हवा उतरवली, गाडी मऊ झाली, पण थरथर गेली नाही.

मग त्याने मागचं डावं चाक काढून मशीनवर चढवलं. मशीन म्हणालं, शून्य. बॅलन्स बरोबर. मी खचलो. पोरगा काही बोलला नाही, त्याने टायरच्या नक्षीजवळ एक स्क्रू-ड्रायव्हर टेकवून धरला आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. बराच वेळ टोक आणि रबर यात फट नव्हती, मग एका जागी फट उघडली, मग पुन्हा बंद. टायर गोल नव्हता. भाकरी एका कडेला दबावी तसा एका जागी दबलेला. "वजन लावून बॅलन्स होतंय साहेब, पण गोल कसं होणार?" या एका वाक्यासाठी मी दोन महिने फिरत होतो.

टायरच्या कडेला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर होतं ०७२५, म्हणजे फेब्रुवारी २०२५. आरसीवर गाडी बनल्याचा महिना मार्च. ताबा ऑक्टोबरचा. सगळा उन्हाळा आणि पावसाळा गाडी कुठल्यातरी यार्डात एकाच जागी उभी. चार-आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायरही थोडे दबतात, पण वीसेक मिनिटं चालवलं, गरम झाले की पूर्ववत होतात. महिनोन्‌महिने उन्हात राहिले तर तो दाब कायमचा बसू शकतो. टायर कारखान्यातूनच तसा आला असेल हेही शक्य आहे, ते मी छातीठोक सांगणार नाही. मात्र 'स्टॉकमधली गाडी' म्हणून २५ हजारांची सूट हसत हसत घेतली होती ती मीच. तेव्हा टायरवरचा नंबर वाचायला काय झालं होतं?

पक्कं करायला पोराने मागची चाकं पुढे आणि पुढची मागे टाकली. हायवेला गेलो आणि थरथर सीटमधून उठून थेट माझ्या हातात आली. चोर जागा बदलताना पकडला. ही अदलाबदल सर्व्हिस सेंटरला पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात करता आली असती.

खरी गंमत यापुढे. सर्व्हिस सेंटर म्हणालं, टायर आमच्या वॉरंटीत येत नाही, टायर कंपनीकडे जा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते हे पुस्तिकेत बारीक अक्षरात असतंच. टायर कंपनीकडे गेलो तर ते म्हणाले, गाडीच्या डीलरमार्फत या. मी गाडी घेतली होती, चार टायर आणि एक बॅटरी वेगवेगळी घेतली नव्हती. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करणार आहे असं मेलवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी टायर कंपनीचा माणूस आला, त्याने नक्षीची खोली मोजली, झिजलेल्या भागाचे थोडे पैसे माझ्याकडून घेतले आणि तीन आठवड्यांनी नवीन टायर दिला. त्याआधी डीलरने एक प्रेमळ तोडगा सुचवला होता: "हा टायर स्टेपनीला टाकू सर, स्टेपनीचा इथे लावू." म्हणजे रात्री घाटात पंक्चर झालं की पुन्हा हाच पाहुणा.

संक्रांतीला गावी गेलो. बाटलीतलं पाणी निवांत. शिरवळला मी मुद्दाम आरशातून मागे बघितलं. आई म्हणाली, "बघतोस काय? मी तेव्हाच सांगितलं होतं." तिची साखर अगदी नॉर्मल आली होती. त्या तपासणीचे साडेतीनशे रुपये मात्र टायर कंपनीच्या क्लेममध्ये बसत नाहीत, मी विचारून बघितलं.