क्रेडिट खात्यात आले का, ते बघा
‘पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलं तरी वर्ष वाया जात नाही’ असं नव्या शैक्षणिक धोरणातल्या पदवी मध्येच थांबवण्याच्या सोयीवरच्या लेखात म्हटलंय. बरोबर, पण पहिल्या वर्षाच्या नुसत्या 40 क्रेडिटवर (अभ्यासाच्या तासांवरून मिळणाऱ्या श्रेयांकांवर) प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी वेगळा 4 क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. प्रवेशाच्या वेळी हे मुलांना कोण सांगतं? माझ्या भाचीचा एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) कॉलेजनेच काढून दिला, पण निकालानंतर डिजिलॉकरमध्ये एका प्रात्यक्षिकाचे क्रेडिट दिसेनात. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटमागे 30 तास, म्हणजे मेहनत थोडीथोडकी नाही. ऑफिसात हेलपाटे घातल्यावर नोंद झाली. लग्नामुळे, घरच्या अडचणींमुळे कॉलेज सुटलेल्या मुलींना क्रेडिट साठवून ठेवण्याची ही सोय फार मोलाची आहे. जमलेले क्रेडिट 7 वर्षांपर्यंतच चालतात, हेही त्यांना आत्ताच सांगा.