धार तोडणं हा व्यायाम नव्हे

दादर-परळच्या बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बाळंतपणानंतर शिंकताना लघवी सुटते? रोज लघवी करताना धार मध्येच तोडा, आठवड्यात फरक.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी.

धार तोडून बघायची ती एखाददुसऱ्या वेळी, नेमका कुठला स्नायू आवळायचा ते कळावं म्हणून. रोज तोडलीत तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि संसर्गाची भीती वाढते. खरा व्यायाम, म्हणजे लघवी अडवणाऱ्या ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा, लघवी करून आल्यावर करायचा. लघवी आणि वारा दोन्ही अडवल्यासारखं आत-वर खेचायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. पोट, मांड्या ढिल्या, श्वास चालू. ८ वेळा, दिवसातून ३दा, निदान ३ महिने. आठवड्यात वगैरे काही होत नाही. विरार लोकलमध्ये सीट मिळाली (मिळाली तर!) तिथेही जमतं, शेजारणीला पत्ता लागत नाही.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. संबंधाच्या वेळी किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात. आवळून दुखणं वाढेल. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट तपासून आधी सैल सोडायला शिकवतात.